माझा काटा कोणी चिकटवला?

मित्रांनो, मी एक जुना वायुदाबमापक आहे आणि मी खोटारडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गावात सगळे मला तेच म्हणतात.

माझ्या कारागिराने पितळी तबकडीवर वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ असे शब्द कोरले. मग मी सदा पावसाने भिजणाऱ्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावर, सोर्खाबाईंच्या पाहुणेघरात दाराजवळ लटकलो. आमच्याकडे येता-जाता माझ्या काचेवर टिचकी मारतात. काटा पावसाकडे सरकला तर पाऊस येणार. जागचा हललाच नाही, तर आहे तीच हवा टिकणार. शेजारचे फेस्टीकाका टिचकी मारल्याशिवाय विळ्याला हात लावत नसत.

"काय म्हणतोय म्हातारा?" सोर्खा त्यांना माझ्याबद्दल विचारायची.

"म्हणतोय, दोरीवरचे कपडे आत घे, बाई!"

केवढा मान होता मला!

पण फोनवर पाहुणे विचारत, यायला चांगला काळ कोणता? सोर्खा म्हणे, "कधीही या!" मागून काका ओरडत, "मे-जूनमध्ये! नंतर यायचं तर बदकाचे पाय लावून या!"

"काका, तुमच्या जिभेपायी माझ्या खोल्या ओस पडतील."

पाहुणे भिजून येत. सोर्खा हसून सांगे, "हा पाऊस नव्हे हो, आमच्याकडे याला मऊ दिवस म्हणतात." पाहुणे माझ्याकडे बघत. मी पाऊसच दाखवत असे. दुसरे काय दाखवणार?

एके दिवशी तिने माझी काच उघडली, काटा 'स्वच्छ'वर ओढला आणि गोंदाने चिकटवून टाकला. माझ्याच घरच्या माणसाने!

जुलैत एका सकाळी ऊन पडले होते. पण हवेचा दाब उतरत होता, माझ्या पोटातली हवाबंद डबी फुगत होती, पाऊस जवळ आला होता. काकांनी टिचकी मारली. काटा ढिम्म.

"वा! जागचा हलत नाही! हवा टिकणार. आजच गवत कापतो. गाईची हिवाळ्याची सोय झाली."

सोर्खा चहाची किटली घेऊन शेजारीच उभी होती. बोल ना, बाई! तिने न्याहारीला बसलेल्या पाहुण्यांकडे पाहिले.

"कापा की, काका," ती म्हणाली.

संध्याकाळी पाऊस लागला तो हटेचना. गवत रानातच काळे पडून कुजले. थंडीच्या तोंडावर काकांनी आपली एकुलती एक गाय विकली. मग माझ्यासमोर येऊन म्हणाले, "थापाड्या!" सोर्खा तिथेच होती. तेव्हाही तिने तोंड उघडले नाही.

त्यानंतर काकांनी मला बोट लावलेले नाही.

मित्रांनो, आमच्या देशात जरूर या. मे-जूनमध्ये या, नाहीतर भिजायला तयार होऊन या. भिजलेला देशही देखणाच असतो, त्यासाठी माझा गळा दाबायची गरज नव्हती. आणि तुमच्या घरी खरे सांगणारी एखादी वस्तू असेल, तर तिची निगा म्हणजे नुसती झाडपूस समजू नका. सोर्खा दर शनिवारी मला फडक्याने घासते. मी लखलखतो. पाहुणे फोटो काढतात.

मला पुसू नका. मला सोडवा.