तसबिरीची काच

गोगलगाय तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि तिच्यापायी जीवशास्त्राच्या बाईंचं डोकं पार फिरलं होतं.

संशोधन-नियतकालिकाच्या संपादकांनी कळवलं होतं, गोगलगाय नव्या जातीची दिसते, लेख चांगला आहे, पण फोटो चालणार नाहीत. शंखाचं टोक स्पष्ट दिसतं तेव्हा तोंड धूसर होतं. हाताने काढलेल्या आकृत्या बारा दिवसांत पाठवा, नाहीतर लेख परत. आणखी एक गट याच गोगलगाईच्या मागे आहे हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. लेख परत आला तर तिचं नाव ते ठेवणार. आणि बाईंना तर तिला भिंगमामांचं नाव द्यायचं होतं. भिंगमामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. तीस वर्षं भिंगं पुसून पुसून हे नाव पडलेलं. फेकायला काढलेल्या शेवाळात ही गोगलगाय त्यांनाच दिसली होती. महिनाअखेर ते निवृत्त होणार होते, आणि नावाचं बाईंनी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

मायक्रोस्कोपला लावायची एक नळी मिळते. तिच्यातून खालचा जीव आणि कागदावरचा आपला हात एकदमच दिसतो, मग नुसतं गिरवायचं. किंमत बाईंच्या तीन पगारांएवढी. अर्ज वाचून प्राचार्यांनी विचारलं, नुसतं बघून नाही का काढता येत? बाईंनी मनातल्या मनात त्यांनाच मायक्रोस्कोपखाली ठेवलं.

मग घरगुती उपाय सुरू झाले. प्लास्टिकच्या तुकड्यावर चौकटी आखून तो मायक्रोस्कोपच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, बसवला, तर रेघा दोरखंडाएवढ्या दिसायला लागल्या. एक डोळा आयपीसला आणि दुसरा कागदावर ठेवून पाहिला, तर दुपारपर्यंत कपाळ ठणकायला लागलं आणि गोगलगाईचा बटाटा झाला. शेवटी आयपीसला मोबाइल टेकवून फोटो घेतले. मोबाइल टेबलावर आडवा ठेवला, शेजारी काच उभी केली, काचेच्या पलीकडे कागद. काचेतून पाहिलं की फोटोचं प्रतिबिंब कागदावरच पडल्यासारखं दिसे. काच घरच्या लग्नाच्या तसबिरीची होती. नवरा म्हणाला, फोटो तरी ठेवलास, उपकार झाले.

बाई पहिल्या आकृतीत शंखाच्या तोंडाची रेघ ओढत असताना मामा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी आयपीसमध्ये डोकावलं, मग कागदाकडे पाहिलं.

"बाई, हिचं तोंड..."

"मामा, आत्ता नको. लक्ष हललं की रेघ जाते. तुम्ही तुमची भिंगं पुसा."

मामा भिंगं पुसायला गेले.

सहा आकृत्यांना आठ दिवस लागले. उठाव दाखवायला हजारो ठिपके द्यावे लागले. उजेड डावीकडून वरून यायला हवा, हा नियतकालिकाचा नियम. बाईंची मान आखडली, बोटाला घट्टा पडला, पण आकृत्या देखण्या झाल्या. नवव्या दिवशी सकाळी शेवटचं ताडून पाहायला त्यांनी शंख टोक वर करून आकृतीशेजारी ठेवला. शंखाचं तोंड उजवीकडे होतं. आकृतीतलं डावीकडे. सहाच्या सहा आकृत्यांत डावीकडे. गोगलगाईत तोंडाची बाजू बदलली की ती दुसरीच कोणीतरी होते.

काचेत डावं-उजवं उलटतं हे दरवर्षी पोरांच्या डोक्यात घालणारी बाई स्वतःच आठ दिवस काचेत बघत बसली होती. कॉम्प्युटरवर आकृती क्षणात उलटवता आली असती, पण मग उजेडही उजवीकडून आला असता. म्हणजे ठिपके वाया गेले. बाईंनी मोबाइलला, काचेला, प्राचार्यांना आणि काहीही संबंध नसलेल्या नवऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

"मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," मामा हळूच म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो होतो."

एवढंच म्हणून ते फडक्याची घडी करत राहिले. बाईंना सगळं आठवलं. गोगलगाईला मामांचं नाव द्यायला निघालो आणि मामांनाच गप्प बसवलं, या विचाराने त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. इतका वेळ ज्याच्या-त्याच्यावर काढलेला राग आता ठेवायला दुसरी जागाच उरली नाही.

मोबाइलमधल्या फोटोचं डावं-उजवं उलटवायचं बटण आठ दिवस त्यांच्या अंगठ्याखालीच होतं. ते दाबताना त्यांना रडू येत होतं. हातात एकच दिवस उरला होता, तेव्हा ठिपके रद्द, नुसत्या बाह्यरेषा. त्यांनी दुसरं स्टूल ओढलं.

"मामा, तुम्ही आयपीसला बसा. मी काढते, तुम्ही चूक पकडा. मी गप्प बसा म्हटलं तरी बसू नका. हिला तुमचं नाव देतेय मी."

मामांनी सवयीने आयपीस पुसलं, मग चष्मा काढून तोही पुसला, बराच वेळ पुसला, आणि डोळा लावला. बाईंनी काचेतून पाहत पहिली रेघ सुरू केली. ती बोटभरही झाली नसेल.

"बाई, थांबा."

बाईंनी दातओठ खाल्ले आणि खोडरबर उचललं.