आमच्याकडे असे होत नाही

क्रांतीने माउसचं चाक पुढे ढकललं तसा पडद्यावरचा नकाशा मोठा होत गेला. आधी तालुका, मग गाव, मग ओढा आणि शेवटी उसाचा एकच प्लॉट. प्लॉटच्या कोपऱ्यावर एक ठिपका होता. तिने चाक आणखी ढकललं. तिथे दहा ठिपके दिसायला हवे होते. दिसत होता एकच.

“सम्राट, इकडं ये जरा.”

सम्राट खुर्चीवरून न उठता चाकांवर घसरत आला. ॲप त्याने लिहिलेलं, आणि ते तपासायचं काम क्रांतीचं. नदीपलीकडच्या एका साखर कारखान्यासाठी उसाच्या नोंदी घेणारं ॲप. कारखान्याच्या शेती मदतनिसाने प्लॉटच्या प्रत्येक कोपऱ्यावर जाऊन फोनच्या पडद्यावर तीन सेकंद बोट दाबून धरायचं, तेवढ्यात ॲप त्याची जागा दहा वेळा टिपून घेणार. माणूस जागचा हलला नाही तरी खऱ्या फोनचे हे दहा ठिपके एकावर एक कधी पडत नाहीत. वाटाणे सांडावेत तसे ते हात-दोन हात इकडेतिकडे पसरतातच.

“एकशे सतरा नंबरचा माणूस,” क्रांती म्हणाली. “दिवाळीपासून दोनशे नोंदी आहेत ह्याच्या. एकाही नोंदीत ठिपका हललेला नाही.”

“आयला! देवळातल्या खांबागत उभा ऱ्हातोय काय गडी?”

“उभाच राहत नाही. एम्युलेटरवर करतोय.”

सम्राटने वासलेलं तोंड बराच वेळ मिटलं नाही. एम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा खोटा फोन. पडदा, बटणं, घड्याळ, सगळं खऱ्यासारखं. फक्त तो कुठे आहे हे त्याला आपण सांगायचं. पन्हाळ्यावर आहेस म्हटलं की बिचारा पन्हाळ्यावर. ॲप तपासणाऱ्यांचं ते रोजचं हत्यार आणि त्यात क्रांतीचा हात धरणारं कोल्हापूरच्या अख्ख्या शाहूपुरीत कोणी नव्हतं. तीन एम्युलेटर आठवडाभर झुंजवून तिने त्यातला एक निवडला होता. एक नकाशा उघडला की गोठायचा, दुसरा सगळं मशीन खाऊन टाकायचा, तिसरा मात्र पाण्यासारखा चालला. कपाटात चार खरे फोनही होते. एक चार्ज होत नव्हता, एकाची काच तडकलेली, आणि खुर्चीत बसून दहा मिनिटांत उरकणाऱ्या कामासाठी उन्हात उसाच्या फडात जायचं कुणी? तेव्हा ते फोन कपाटातच राहिले. पण हीच युक्ती एका मदतनिसाला सुचावी, या विचाराने दोघंही गार पडले.

“ह्यानंच तीनदा तक्रार केलती न्हवं?” सम्राटला आठवलं. “बोट धरलं की सरकतंय म्हणून?”

“हाच. मी तपासलं होतं. आपल्याकडे काही सरकलं नाही. तिन्ही मीच बंद केल्या.”

“म्हंजे नुसता कांगावा. आधीपासनं सोय लावून ठेवली बेण्यानं.”

कंपनीचे मालक विश्वजित सर काचेच्या केबिनमधून बाहेर आले, नकाशा पाहिला आणि तिथल्या तिथे कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांना, विजयसिंह साहेबांना, फोन लावला. स्पीकर चालू ठेवून. असली बातमी एकट्याने सांगायची नसते.

“तुमचा एक माणूस शेतात जातच न्हाय साहेब. घरात बसून नोंदी मारतोय. आमच्या पोरीनं पकडला.”

 साहेबांचा आवाज अख्ख्या ऑफिसात घुमला.

“काय सांगताय! कोण हाय त्यो?”

“नावं तुमच्याकडं, आमच्याकडं नुसतं आकडं. रिपोर्टात पुराव्यासकट देतो नंबर.”

“पाचच्या आत द्या. उद्या गेटवर नाव लावतो त्याचं. सगळ्या गावानं बघू दे.”

क्रांतीला कॉलर असती तर ती ताठ झाली असती. रिपोर्टला जोडायला तिने एकशे सतराची सगळी माहिती उघडली. पहिल्या ओळीत तारीख, दुसऱ्या ओळीत ॲपची आवृत्ती, तिसऱ्या ओळीत फोनला दिलेलं नाव.

क्रांती टेस्ट २.

तिने ते वाचलं. परत वाचलं. सम्राटने चेष्टा केली असेल म्हणून त्याच्याकडे पाहिलं, तर तो आपल्या पडद्यात मान घालून बसलेला. तिने झटकन ती खिडकी बंद केली आणि हात मांडीखाली दाबून धरले. हे नाव जगात एकाच खोट्या फोनला होतं आणि ते तिनेच ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, घरून काम चालायचं तेव्हा, जुन्या लॅपटॉपवर. तो लॅपटॉप आता कसबा बावड्याला घरी असे. त्यावर आबा कुस्त्या बघत. आणि आबा म्हणजे तिचे वडील, कृष्णात वरुटे, त्याच कारखान्यात एकतीस वर्षं शेती मदतनीस.

 आबा? बांधावरून चालताना दुसऱ्याच्या उसाचं पान मोडलं तरी हळहळणारे आबा? ‘माझ्या पोरीच्या हापिसानं केलंय’ म्हणून कारखानाभर सांगत फिरणारे? कसं चाललंय ॲप म्हणून ती विचारायची तेव्हा ‘झकास’ म्हणायचे. घरी बसून म्हणत होते झकास!

“सर, मी घरी जाऊन येते.”

“आत्ता? आणि रिपोर्ट?”

“पाचच्या आत देते.”

बावड्याच्या वाटेवर तिला पुढची वाहनं धड दिसत नव्हती. राग, लाज आणि भीती एकदमच आली होती, आणि तिघांनाही तिच्या एकाच स्कूटीवर बसायचं होतं. आई पौर्णिमेची नृसिंहवाडीला गेलेली, म्हणजे घरात आबा एकटे. काय बोलायचं ते सगळं तिने ठरवलं.

दारात आबांची मोटारसायकल होती. वळसा घालताना तिच्या पोटरीला इंजिनाची धग लागली. पायरीवर चपला होत्या, तळाला ओला चिखल, त्यात उसाचं पाचट अडकलेलं. तिने ते पाहिलं, पण रागाच्या भरात ते डोक्यात शिरलं नाही.

आत आबा टेबलाशी बसले होते. समोर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पडद्यावर फोन, शेजारी उघडी डायरी. ते एका बोटाने आकडे टाइप करत होते. एक आकडा, थांबणं, दोन आकडे जास्तीचे, मग ते पुसणं.

“आबा.”

ते दचकले. उजवा हात पटकन खिशात गेला.

“आलीस व्हय? जेवायला आलीस?”

ऑफिसात ‘येते-जाते’ म्हणणारी क्रांती उंबरा ओलांडला की कोल्हापूरच्या पोरींसारखी ‘येतो-जातो’वर येई.

“जेवायला न्हाय आलो. तुम्ही शेतावर जात न्हाय?”

“कोण म्हणतंय न्हाय जात?”

“मी म्हणतो! अख्ख्या हापिसानं बघितलंय. घरात बसून नोंदी करताय तुम्ही. उद्या गेटवर नाव लागणाराय तुमचं!”

 आबांचा चेहरा असा झाला की तिने आवाज आपोआप खाली आणला. त्यांनी डाव्या हाताने डायरी तिच्याकडे सरकवली. पुठ्ठ्यावर नंबर होता, एकशे सतरा. आत पानोपानी प्लॉट काढलेले. शेताचा आकार, चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्यापाशी जागेचे लांबलचक आकडे, खाली शेतकऱ्याची सही नाहीतर अंगठा. आकड्यांचं अक्षर मात्र दर पानावर निराळं होतं. कुठे गिचमिड, कुठे शाळकरी, कुठे बाईमाणसाचं. आबांचं अक्षर कुठेच नव्हतं.

“रोज पाटं सहाला जातोय,” आबा म्हणाले. “चारी कोपरं फिरतोय. फोन बांधावर ठेवायचा, नकाशात आकडं दिसत्यात. मग पावण्याला म्हणायचं, चष्मा विसरलोय, तेवढं लिवा की.”

“चष्मा तर तुमच्या खिशात असतोय.”

“असतोय.”

“मग? फोनवरच का न्हाय करत?”

आबांनी खिशातून हात काढला. फोन टेबलावर ठेवला, ॲप उघडलं आणि कोपऱ्याच्या खुणेवर बोट दाबलं. बोटाभोवती हिरवं वर्तुळ भरायला लागलं. अर्ध्यावर आलं आणि बोट सरकलं. वर्तुळ रिकामं झालं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा अर्ध्यावर. तिसऱ्यांदा त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं, तसे दोन्ही हात कापायला लागले. क्रांती त्या हातांकडे बघत उभी राहिली. 

“कधीपासनं?”

“दिवाळीच्या आधीपासनं. उजवा जास्त, डावा कमी. गाडीचं हँडल आवळलं की थांबतंय.”

“आईला?”

“न्हाय सांगितलं. हात कापतोय म्हटल्यावर घरी बसवतील की मला. एकतीस वर्सं झाली, गं.”

सकाळचा चहा आबा हल्ली बशीत ओतत नसत, पेल्यातून दोन्ही हातांनी पीत. साहेब झालासा की आबा, म्हणून ती त्यांना हसली होती. चार महिने रोज समोर बसून हसली होती. एवढी तपासणी करणारी आपण, आणि हे आपल्याला दिसू नये, याचा तिला जबर धक्का बसला.

“ह्यो खोटा फोन तूच दावलतास की मला,” आबा सांगत होते. “बावड्यात बसून त्याला पन्हाळ्यावर धाडलंतंस. तवा लई हसलो आपण. ह्या लॅपटॉपला खाली येगळं बटन हाय. दाबून धरलं की हात किती का कापंना, बाण जाग्याचा हालत न्हाय.”

बाण हलत नाही.  हीच परीक्षा क्रांतीने माउसने घेतली होती. माउसचं बटण दाबून धरलं, तीन सेकंद मोजले, वर्तुळ भरलं, पास. पुढे तक्रारी आल्या तेव्हाही तेच केलं. खरा फोन खऱ्या बोटाने तिने एकदाही दाबून पाहिला नव्हता.

“मग मला का न्हाय सांगितलं आबा? ॲप आमचंच हाय.”

“तुला काय म्हणून सांगू? तुझं ॲप मला जमंना म्हणून?” आबा जरा हसले. “तक्रार केलती की त्यातच. एकदा न्हाय, तीनदा. नंबर घालून करायची असत्या, नाव कुणाला कळत न्हाय म्हणून केली. तीनदा तेच उत्तर. आमच्याकडे असे होत नाही. कोण बसतंय तिथं कुणास ठाऊक. मशिनच असंल.”

क्रांतीचा फोन वाजला. विश्वजित सर. तिने तो उलटा करून ठेवला.

“च्या टाकतो,” म्हणत आबा आत गेले. त्यांना तिच्यासमोर हात धरून बसवेना.

ती त्यांच्या खुर्चीवर बसली. खोटा फोन बाजूला सारून तिने ऑफिसचं पान उघडलं. एकशे सतराच्या तीन तक्रारी ओळीने होत्या. ‘बोट धरले की सरकते.’ ‘बोट धरले की सरकते, वर्तुळ भरत नाही.’ ‘कृपया एकदा बघावे.’ तिन्हींखाली तिचंच उत्तर, शब्दशः तेच, कारण पहिलं लिहिल्यावर पुढची दोन तिने नुसती चिकटवली होती. बंद केलेल्या तिन्ही तक्रारी तिने परत खुल्या केल्या.

मग रिपोर्ट. तिने जे पाहिलं ते लिहिलं. नोंदी एम्युलेटरवरून झाल्या आहेत. प्रत्येक प्लॉटवर मदतनीस स्वतः गेला आहे, डायरी सोबत आहे. दाबून धरण्याची सोय मी खऱ्या फोनवर तपासली नव्हती. डायरीच्या पानांचे फोटो तिने एकेक करून जोडले. रिपोर्ट विजयसिंह साहेब वाचतील, गेटवर नाव लागेल की नाही ते तिला माहीत नव्हतं. खाली ती नेहमी ‘क्रांती व्ही.’ एवढंच टाकायची. आज तिने पूर्ण नाव लिहिलं, क्रांती कृष्णात वरुटे, आणि पाठवून दिलं.

पहिल्या तक्रारीखालचं जुनं उत्तर पुसून ती नवं लिहीत होती तेवढ्यात आतून कपबशीचा किणकिणाट जवळ येत गेला. ती उठली नाही. आबांनी कप टेबलावर ठेवला. बशीत निम्मा चहा सांडलेला होता. खिशातला चष्मा काढून त्यांनी तो दोन प्रयत्नांत डोळ्यांवर चढवला आणि तिच्या खांद्यावरून वाचायला लागले.

“आमच्याकडे असे होते,” त्यांनी सावकाश वाचलं. मग जरा थांबून, “ही उत्तरं तू लिवायचीस व्हय?”

“व्हय, आबा.”

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग समोरच्या खुर्चीत बसले, कपातला उरलेला चहा बशीत ओतला, थोडा डायरीवरही सांडला, आणि किणकिणती बशी दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर धरली.

“पी,” ते म्हणाले. “गार हुईल.”