दोन खुणांची जागा

आमचा केन्रिक बोलायला लागला की समोरच्याला नाही म्हणताच येत नाही. म्हणून तो पर्यटकांच्या बोटीवर कामाला लागला तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल मला माझंच वाटतं.

कॅरिआकू बेटावर जुन्या दर्यावर्दी घरांची एखादी तरी राखलेली जागा असते. आमची म्हणजे विंडवर्ड गावाबाहेरच्या समुद्रातलं एक प्रवाळ, आजोबांना सापडलेलं. तिथे पोचायला दोन खुणा जुळाव्या लागतात. चर्चचं लाल छप्पर टेकडीच्या खाचेत बसलं पाहिजे आणि त्याच वेळी दूरचे दोन खडक एकामागे एक यायला हवेत. बाबांनी छपराची खूण मला दिली, खडकांची धाकट्या केन्रिकला. वर बजावलं, "मी आहे तोवर एकमेकांनासुद्धा सांगायचं नाही. कितीही भांडलात तरी तिथे जायला एका होडीत बसावंच लागेल."

गेल्या वर्षी शेजारच्या ग्रेनेडा बेटावर माझं पोटाचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी केन्रिक उशाशी बसला. "ताई, काही बरंवाईट झालं तर ती जागा कायमची जाईल गं." मी घाबरलेलीच होते. त्याचा हात धरून सगळं सांगून टाकलं. माझ्या पाठचा भाऊ तो, त्याच्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

यंदा ईस्टरच्या सोमवारी नेहमीप्रमाणे आम्ही तिघं शिडाच्या होडीतून निघालो. बाबांना आता लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं, तेही थोडेच दिवस. "पूर्ण अंधार व्हायच्या आत एकदा डोळे भरून बघून घेतो," असं आठवडाभर चाललं होतं त्यांचं.

वाटेत केन्रिक "आज वारा बरोबर नाही, पुढच्या रविवारी जाऊ," असं दोनदा म्हणाला. वारा उत्तम होता.

छप्पर खाचेत बसलं. "माझी लागली," मी म्हटलं आणि पुढे पाहिलं. नेमक्या आमच्या जागेवर तीन पांढऱ्या बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. पाण्यात नळ्या तोंडात धरलेली पंधरा-वीस माणसं.

"गाणी कुठून येतायत?" बाबांनी विचारलं.

कुणी काही बोलायच्या आत एका बोटीवरचा माणूस ओरडला, "अरे केन्रिक! सुट्टीच्या दिवशीही इथेच?"

केन्रिक दोर आवरत बसला. बाबांनी चष्मा चढवला, नळी तोंडात धरली आणि पाण्यात उतरले. मीही मागोमाग उतरले. हरणाच्या शिंगांसारखं ते प्रवाळ वाळूवर आडवं पडलं होतं, मधून नांगराच्या साखळीचा चर गेलेला. बाबा एकेक तुकडा डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते. असं किती वेळ चाललं, मला बघवेना.

होडीत चढल्यावर ते बराच वेळ धापा टाकत होते. मग शांतपणे म्हणाले, "एकट्याचं काम नाही हे. दोन्ही खुणा लागतात."

मी केन्रिककडे पाहिलं. ताई बिचारी ऑपरेशनच्या भीतीत होती, मीच तिच्याकडून काढून घेतलं, एवढंच त्याने म्हणायचं होतं.

तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा, आमचं दोघांचं चुकलं. ताईला आणि मला वाटलं, तेवढाच घराला हातभार लागेल."

माझ्या अंगाची आग झाली. खोटारडा आहेस तू, असं ओठांवर आलं होतं. पण बाबांनी आधीच विचारलं, "आयँथी, तुझी खूण तू सांगितलीस?"

"हो, पण बाबा—"

"बस. कळलं मला."

त्यांनी तोंड फिरवलं. केन्रिकने शीड ओढलं, आणि मला म्हणाला, "ताई, जरा त्या बाजूला सरक."