पाखरांची ओळ

आधी नुसतं ऐका मित्रांनो, मधात बोलू नका, नाही तर मी विसरून जाईन. मी एक जुना रांजण आहो. पोटानं मोठा, गळ्यानं आखूड. नागपुरात सीताबर्डीच्या एका पाणपोईवर मी अकरा उन्हाळे काढले. काय दिवस होते ते! लोक ओंजळीनं पाणी पीत, तोंडावर मारत, माझ्या ओल्या पोटाले हात लावून जात. मग थंड पाण्याच्या कॅना आल्या. मले कोपऱ्यात सरकवलं, अन् माझ्यात झाडू उभे राहू लागले.

तिथून मले कामिनीनं उचललं. काटोलच्या पुढं टेकडीवर तिची अन् तिच्या नवऱ्याची, अमोलची, छोटीशी द्राक्षबाग आहे. शेणखत अन् निंबोळीचा अर्क, दुसरं काही नाही. तिनं मले आतून मधमाशीचं मेण लावलं, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलं. मार्चात द्राक्षं तुडवून माझ्यात ओतायची, बस. पावडर नाही, औषध नाही. दोन दिवसांत माझ्या पोटात बुडबुड सुरू, अन् वाइन आपली आपण होते. पाच वर्षं मी असा गात होतो.

या वर्षी तोडणीले अमोलची माय, सिंधूताई आली. तिचा जन्म संत्र्यात गेला. संत्रं बाजारात न्यायचं म्हणजे धुऊन, पुसून, चमकवून. बिचारीनं सुनेले मदत म्हणून सारे घड हळद-मिठाच्या कोमट पाण्यात दोन-दोनदा धुतले, अन् कोणाले सांगितलंही नाही.

मी भरलो. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पोटात काहीच नाही. कामिनी वाकून कान लावे अन् तशीच बसून राही. पाचव्या दिवशी रसाले वेगळाच वास येऊ लागला. अमोल म्हणे, यीस्टची पावडर टाकू, नाही तर सालभराची मेहनत गेली. अन् पुढच्या साली स्टीलची टाकीच आणू. हे ऐकून माझं काय झालं असेल, सांगा.

तेव्हा सिंधूताई हळूच बोलली, "म्या तर चांगले चोळून धुतले होते वं. एक डाग नाही ठेवला."

कामिनी खालीच बसली. "आई, द्राक्षाच्या सालीवरच्या त्या पांढऱ्या भुकटीतच तर वाइनचा जीव असते. तिच्यानंच रस आंबते."

"माय, तू त्यायले न्हाऊ-माखू घातलं," अमोल म्हणाला, "आता लग्नच लावून दे."

कामिनी उठून बागेकडं पाहू लागली.

न धुतलेली द्राक्षं एकाच जागी उरली होती, कडेच्या ओळीत. ती ओळ पाखरांची. पाखरं बागेतल्या अळ्या वेचतात, त्याची मजुरी म्हणून बाग लावली तेव्हाच कामिनीनं ठरवलं होतं, या ओळीले आपण हात लावायचा नाही. आजवर लावलाही नव्हता.

सिंधूताई टोपली घेऊन निघाली. पाप लागलं तर मले लागू दे, म्हणे. कामिनीनं तिच्या हातातून टोपली घेतली.

"नाही आई. ठरवलं मी होतं, मोडीन बी मीच."

तिनं ती ओळ तोडली, तुडवली, माझ्यात ओतली. तिसऱ्या दिवशी पोटात एक बुडबुडा आला. एकच. मग दुसरा. मग तर मी असा उधाणलो की सिंधूताई हातातलं काम टाकून धावत आली.

मी वाचलो, मित्रांनो. पण त्याच सकाळी बुलबुलांची जोडी आली. रिकाम्या ओळीत या वेलीवरून त्या वेलीवर फिरली अन् उडून गेली. कामिनी तिथंच उभी होती. जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाले सांगणार होतो. पण मले जपायले कोणाच्या तरी तोंडचा घास गेला. खरं सांगा, तिच्या जागी तुम्ही असते तर त्या ओळीले हात लावला असता काय?