विमा उतरवलेला लिफाफा

मित्रांनो, मी एक जुना लिफाफा आहे. माझा रंग पिकल्या पानासारखा झाला आहे, एक कोपरा झुरळाने खाल्ला आहे, आणि उजव्या खांद्यावर बोधिवृक्षाचे दोन आण्यांचे तिकीट आहे. त्यावर नागपूरचा शिक्का आहे : १५ ऑक्टोबर १९५६. ही तारीख वाचली की जाणकार माणसे हात पुसून मला उचलतात. बाकीचे मला रद्दी म्हणतात. त्या बाकीच्यांविषयी मला आज बोलायचे आहे.

मला विकत घेतले ते चंद्रपूरकडच्या सावली गावाजवळ राहणाऱ्या मुखरू नावाच्या माणसाने. आदल्या दिवशी त्याने नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. टपाल कचेरीच्या पायरीवर बसून, चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने, त्याने बायकोला पत्र लिहिले आणि माझ्या पोटात घातले. गावी मला आणले एका टपालवाल्याने. ओढ्याला पाणी होते, म्हणून त्याने धोतर खोचले आणि थैली डोक्यावर घेतली. मुखरूच्या बायकोला, रंभाला, वाचता येत नव्हते, तर अंगणात उभे राहून पत्रही त्यानेच वाचून दाखवले. त्या काळी माझा कुणी विमा उतरवला नव्हता. तरी मी पोचलो.

मुखरूची मुलगी अंजना तेव्हा सहा वर्षांची होती. पुढे ती शाळेत गेली, अक्षरे शिकली आणि एक दिवस तिने मला स्वतः उघडून वाचले. आईबाप गेल्यावर तिने मला पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवले. आज ती पंचाहत्तरीची अंजनाबाई आहे.

तिची मुलगी माधवी सिंदेवाहीला शिक्षिका आहे. गेल्या वर्षी तिने माझा फोटो पुण्याच्या एका तिकीट-संग्राहक मंडळाला पाठवला. त्यांनी मला प्रदर्शनासाठी मागितले आणि माझी किंमत तीस हजार सांगितली.

"बाबाचं पत्र आहे, गाजर-मुळा नाई पाठवाले," अंजनाबाई म्हणाली.

"आई, शेकडो लोक वाचतीन. अन् मी विमा काढतो ना!"

अंजनाबाईने मला दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवले, वर मांजरपाट गुंडाळला आणि धानाचे पोते शिवावे तसे लाल सुतळीने शिवले. माधवी मला घेऊन चंद्रपूरला एका खासगी कुरिअरच्या कचेरीत गेली.

तिथे टेबलामागे गुणवंतराव बसले होते. आईबापांनी नाव ठेवताना फार घाई केली असावी. माधवी कापडावर पत्ता लिहू लागली, तर ते म्हणाले, "राहू द्या मॅडम, पत्ता स्टिकरवर येते." त्यांनी विम्याचे पैसे घेतले आणि स्टिकर माझ्यावर असे चिकटवले की ते कापडावर पाच मिनिटेही टिकले नाही. ते सुटले आणि शेजारच्या खोक्याला जाऊन बसले. खोके पुण्याला गेले. मी बिनपत्त्याचा तिथेच राहिलो. दुसऱ्या दिवशी गुणवंतरावांनी मला उचलले, उलटसुलट केले, आणि त्यांच्या बुद्धीला माझा एकच उपयोग सुचला. त्यांचे टेबल डुगडुगत होते. त्यांनी मला त्याच्या पायाखाली सरकवले.

पुढचे दोन महिने मी त्यांच्या जेवणाच्या डब्याचे, कोपरांचे आणि जांभयांचे वजन पेलत काढले.

आठ दिवसांनी माधवी आली. पुण्यात मंडळाला माझ्या नावाने कुणाचे तरी मुगाचे पापड मिळाले होते.

"कंपुटरवर पोचलं दिसते," गुणवंतराव म्हणाले.

"पापड पोचले. पत्र कुठी आहे?"

"आमच्याकडून निघालं मॅडम. आता इथी काई नाई."

हे बोलताना त्यांचा पाय माझ्यावर होता.

दुसऱ्या खेपेला तिला दाव्याचा अर्ज मिळाला. त्यात वस्तूच्या खरेदीचे बिल मागितले होते. "बाबाने लिहिलेल्या पत्राचं बिल कोण देते?" तिने विचारले. "मंग साधा कागद म्हणून शंभर रुपये भेटतीन," गुणवंतराव म्हणाले, आणि त्यांनी चहा मागवला. एकट्यासाठीच. माधवीने वाद घातला नाही. तिने मंडळाचे किमतीचे पत्र जोडले, वर तक्रार केली, पुन्हा तक्रार केली. रोज शाळा सुटल्यावर ती कंपनीला फोन लावायची. मला वाटते, तिला आईसमोर जायची लाज वाटत होती.

अखेर विमा कंपनीचा तपासनीस आला. इस्त्रीचा शर्ट, कातडी पिशवी. त्या दिवशी माधवीसोबत अंजनाबाईही आली होती. तपासनीस म्हणाला, "पूर्ण रक्कम मंजूर होईल, आजी. फक्त इथे सही करा."

अंजनाबाईने चष्मा लावून कागद वाचला. "यात लिवलं आहे, वस्तू कायमची नष्ट झाली, अन् तिच्यावर माहा हक्क नाई."

"ती नुसती भाषा असते."

"हारपलं लिवा, सही करतो. नष्ट झालं लिवान, तर नाई करत."

"काऊन वो बाई, तीस हजार सोडता का?" गुणवंतराव हसले.

अंजनाबाईने कागद परत ढकलला, तो अशा जोराने की टेबलही सरकले आणि डुगडुगले. गुणवंतरावांनी सवयीने चपलेच्या टोकाने मला परत आत लोटले. अंजनाबाई खाली पाहत होती.

"पायाखाली काय आहे?"

"काई नाई, पुठ्ठा आहे."

"तो पुठ्ठा माह्या हातचा शिवेल आहे."

 माधवी गुडघ्यांवर बसली आणि तिने मला ओढून काढले. टाके अंजनाबाईने दातांनी तोडले. तिकीट शाबूत होते. माझ्या मधोमध मात्र टेबलाच्या पायाचा गोल खड्डा पडला होता. तपासनिसाने पट्टी काढून तो मोजला. ते पाहून मला त्याची कीव आली. "आत काय लिहिलंय?" त्याने विचारले. "नोंद करावी लागेल."

गुणवंतरावांनी हात पुढे केला.

"तू नोको लावू हात," अंजनाबाई म्हणाली, आणि तिने पत्र स्वतः वाचले, शाळेत धडा वाचावा तसे, मोठ्याने :

"रंभास कळावे, काल मी दीक्षा घेतली. गर्दीत चप्पल हरवली, पण काळजी करू नये. आजपासून गावात कोणी 'अरे मुखऱ्या' म्हणून हाक मारली, तर मी ओ देणार नाही. तूही देऊ नको. अंजनाचे नाव शाळेत घाल. हे पत्र तिने वाचले, म्हणजे मी नागपूरला आलो ते कामी आले."

तपासनिसाने पट्टी खाली ठेवली. गुणवंतराव म्हणाले, "आता भेटलं ना आजी? मंग तक्रार मांगं घ्या. माह्या नोकरीचा सवाल आहे."

"पत्र भेटलं, म्हणून दावा मांगं घेतो. तक्रार राहीन," ती म्हणाली. दावा मागे घेण्याच्या अर्जात कारणाची एक ओळ होती. तिथे तिने लिहिले : 'यांनी दिले नाही. आम्ही शोधून घेतले.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली. मग गुणवंतरावांकडे वळली. "अन् आजी नोको म्हणू. अंजनाबाई म्हण."

ते म्हणाले. दोनदा म्हणावे लागले, पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही.

पुण्याच्या प्रदर्शनाला नंतर माझा फोटो गेला. लोकांना तो आवडला म्हणे. खड्डा मात्र तसाच राहिला, माधवीने वरून इस्त्री फिरवून पाहिली तरी.

मित्रांनो, जगात गुणवंतराव पुष्कळ आहेत, आणि त्यांची टेबले डुगडुगतच राहणार. त्यांना सुधारणे माझ्या आवाक्यातले नाही, आणि खरे सांगायचे तर मला तेवढी इच्छाही नाही. तुमच्याकडे मात्र माझे एक मागणे आहे. घरात एखादे जुने पत्र असेल, तर त्याची किंमत परक्या माणसाला विचारण्याआधी ते उघडा, आणि ज्याच्या नावाने लिहिले आहे त्याच्या घरातल्या सगळ्यांना बसवून एकदा मोठ्याने वाचा.