नऊ नंबरच्या खाटेवरचे रेवणप्पा

रेवणप्पा मामा बरे होऊन मुखेडला घरी गेले. एसटीत खिडकीची जागाही मिळाली. पण आमच्या दवाखान्याच्या पोर्टलवर ते अजून नऊ नंबरच्या खाटेवर झोपलेत, म्हणून ते गेलेच नाहीत असं धरून पुढं जाऊ. वॉर्डात आम्ही सगळे तसंच धरतो.

मी नांदेडच्या एका मनोरुग्ण वॉर्डात ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. मामा शिंपी. गेल्या साली गोळ्या सुटल्या तेव्हा त्यांनी अठरा बायकांचे ब्लाऊज उसवले, आत चोरून ऐकायची तार शिवलीय म्हणून. तार निघाली नाही, गिऱ्हाईकं तेवढी निघून गेली. या खेपेला डॉक्टरांनी बजावलं, एक दिवससुद्धा गोळी चुकवायची नाही.

सुट्टी मिळण्याआधी रुग्णानं स्वतः पोर्टलवर दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. मी टॅब मामांच्या हातात दिला. सहा प्रश्न झकास गेले. सातवा होता, 'आपल्यावर कोणी लक्ष ठेवून आहे असे वाटते का?' त्याच्याच खाली बारीक अक्षरात, 'सुरक्षेसाठी आपल्या प्रत्येक कृतीवर लक्ष ठेवले जात आहे.'

मामांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"ब्रदर, हे तर लिहूनच देऊन राहिलेत."

"मामा, तुम्ही 'नाही' दाबा."

"खोटं दाबू? मग येडा कोण, मी का तुम्ही?"

त्यांनी 'हो' दाबलं. पोर्टल लाल झालं. 'रुग्ण बरा नाही. डिस्चार्ज बंद.'

डॉक्टरांनी कागदावर सही करून पंधरा गोळ्या दिल्या आणि मामा गेले. म्हणजे, गेले नाहीत.

तेराव्या दिवशी त्यांच्या बायकोचा, लक्ष्मीबाईंचा फोन आला. "इथल्या दवाखान्यातला औषधवाला म्हणतो, तुमचं माणूस नांदेडात भरती हाय, गोळी तिथंच मिळंल. म्या म्हटलं, हे काय म्होरं उभं हाय! तर म्हणतो, यंत्रात न्हाई. बाहेरचं दुकान बी यंत्रातलीच चिठ्ठी मागून राहिलंय."

इकडं नऊ नंबरची गोळी रोज वेळेवर येते. खाटेवर मामांच्या तोंडाचा फोटो काढल्याशिवाय डबी उघडत नाही. संध्याकाळी ती परत जाते.

मी पोर्टलच्या लातूरच्या मदत केंद्राला फोन लावला. उज्वला मॅडम होत्या.

"उत्तर रुग्णानंच बदलायचं, दादा."

"मग बदलू द्या."

"बऱ्या नसलेल्या रुग्णाला लॉगिन देता येत नाही."

"बरा कधी होईल तो?"

"उत्तर बदललं की."

त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "माझ्याकडं असे एकेचाळीस हायत."

आज लक्ष्मीबाई फोनवर कुजबुजत बोलल्या. "परवाच गोळ्या सरल्या. सकाळी पंख्याला खोळ शिवून घातली. लई नीट बसलीय. आता बोलू नका म्हणून खुणावून राहिलेत."

"मावशी, आत्ताच्या आत्ता घेऊन या त्यांना."

"एसटीत क्यामेरा हाय म्हणतात. न्हाई येत."

मी पोर्टलवरची तक्रारीची चौकट उघडली आणि लिहिलं:

'महोदय, नवीन गोळी मिळेपर्यंत रेवणप्पा, रा. मुखेड, यांचा आजार आहे त्या स्थितीत थांबवून ठेवावा, असे लेखी आदेश सदर आजारास आपल्या स्तरावरून तात्काळ व्हावेत, ही नम्र विनंती.'