बेडकीची स्टेपनी

चाकवाल्याने खोळीच्या नाडीची गाठ दोनदा नखाने सोडवून पाहिली आणि मग सरळ कात्री उचलली.

"कापू नका," ती म्हणाली. "आईने शिवलेली आहे. द्या इकडे."

तिने चाक गुडघ्यांशी ओढून घेतलं आणि लोखंडी स्टुलावर बसून गाठीशी झटापट सुरू केली. जाड कॅनव्हासची खोळ, चाकाच्या मापाची, दुहेरी शिवणीची. कित्येक वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. नाडी उन्हाने आणि चिखलाने तारेसारखी कडक झाली होती.

"सावकाश होऊ द्या," चाकवाला म्हणाला. "गाडी काही पळून जात नाही. चाकं माझ्याकडे आहेत."

बाकीची चार चाकं टायर उतरवून भिंतीला टेकवली होती. त्यांची बाहेरची कडी गंजाने इतकी खाल्ली होती की बोट लावलं तर पापुद्रा हातात येई. मधल्या थाळ्या मात्र शाबूत होत्या. थाळीला पाच भोकं, आणि त्या भोकांतून चाक गाडीला आवळलं जातं. जुनं, जाड पोलाद. या थाळ्या कापून काढायच्या, ट्रॉलीच्या चाकांची नवी कडी आणायची, त्यात त्या बसवायच्या आणि सगळीकडून वेल्डिंग मारायचं, असं ठरलं होतं. परवडेल असा हा एवढाच उपाय होता.

इथवर पोचायला तिला अडीच महिने लागले होते. गाडी अशी की नाव सांगितलं तर दुकानदार दुसऱ्यांदा विचारत. पुढे नाक नाही, इंजिनावरच बसून चालवायची, पुढची आणि मागची दोन्ही चाकं ओढणारी, डोळे बाहेर आलेल्या दिव्यांची. रस्तेखात्याने अशा मोजक्याच गाड्या मागवल्या होत्या, आणि पुढे त्या बनवणारा कारखानाच बंद पडला. बाबा त्या खात्यात सर्व्हेअर होते. त्यांनी ही लिलावात घेतली आणि दारात आणून उभी केली, तेव्हा आई पायरीवरून म्हणाली, "ही तर बेडकी." तेच नाव राहिलं.

तिच्या चाकांचं माप दुसऱ्या कुठल्याही गाडीला जुळत नव्हतं. जुन्या गाड्यांचे भाग विकणाऱ्या एकाने सांगितलं की परदेशातून बोटीने मागवता येतील. त्याने सांगितलेल्या आकड्यात आणखी दोन बेडक्या आल्या असत्या. चकचकीत चाकांच्या दुकानातला तरुण फोटो बघून हसला आणि त्याने तो शेजारच्यालाही दाखवला. भंगारवाला हळहळला. "मागच्याच वर्षी अशीच दोन वितळवली हो. जरा आधी यायचं." शेवटी एका टँकरवाल्याने हा पत्ता दिला. इथे पाण्याच्या टँकरला, ट्रॉल्यांना, एकदा तर सर्कशीच्या पिंजऱ्यालाही चाकं करून दिली होती.

अठरा दिवसांनी पासिंग होतं. मागच्या खेपेला इन्स्पेक्टरने चाकाच्या कड्याला पेन टोचून पाहिलं होतं आणि पेन आत गेलं होतं. या वेळी नापास झाली तर गाडी थेट भंगारात जाणार होती.

पण खरी घाई गाडीची नव्हती, आईची होती. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहत होती आणि तिचे गुडघे गेले होते. लेकीकडे राहायला यायला तिने दोन वर्षं ठाम नकार दिला. या उन्हाळ्यात एकदाची हो म्हणाली, तेही अट घालून.

"बेडकीतून येईन. टॅक्सीबिक्सी सांगू नकोस. आणि स्टेपनी असल्याशिवाय मी आत पाय ठेवत नाही, हे तुला माहीत आहे. त्यातून तू चालवणार, म्हणजे कुणी पाठीमागे लागल्यासारखी."

स्टेपनीचं सगळ्यांनाच माहीत होतं. कुठेही निघताना आई दाराशी उभी राहून विचारायची, "स्टेपनी आहे ना?" मग बाबा मागे जाऊन खोळीवर दोन थापा मारायचे. "आहे, आहे. बसा." मगच ती बसायची. आणि बाबा गाडी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले पुढे जाताना आत डोकावून, काही बिघडलंय का, असं विचारायचे.

ती पाणीखात्यात नकाशे काढायची. चाकाचाही तिने तीन बाजूंनी नकाशा काढून आणला होता, मिलिमीटरच्याही खालची मापं लिहून. चाकवाल्याने तो चष्मा लावून नीट पाहिला, छान आहे म्हणाला आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.

"कागदावर सगळीच चाकं गोल असतात, ताई."

मग त्याने एका थाळीला ग्रीस फासलं, वर पुठ्ठा दाबला आणि उचलला. पाच काळी वर्तुळं उमटली. ती त्याने पातीने कापून काढली. "चार भोकं असती तर समोरासमोर मोजता आली असती. पाचाला समोर कुणी नसतं. म्हणून माणूस मोजतो आणि फसतो. पुठ्ठा फसत नाही." तो पुठ्ठा त्याने चारही थाळ्यांवर ठेवून पाहिला. चारही जुळल्या. उरलं ते खोळीतलं.

गाठ एकदाची सुटली. खोळ खाली ओघळली.

आतलं चाक हिरवं होतं, बेडकीच्याच रंगाचं, आणि त्यावर गंजाचा एक ठिपका नव्हता. चाकवाला पुठ्ठा घेऊन वाकला. खरं तर ठेवून बघायची गरज नव्हती, पण त्याने ठेवला. एकदा फिरवला. मग काढून घेतला.

तिने भोकं मोजली. सहा होती.

"हे तुमच्या गाडीचं नाही," चाकवाला म्हणाला. "कुठल्या तरी लहान ट्रकचं आहे. बेडकीला हे बसणारच नाही."

"मध्ये कुणी बदललं असेल."

"कोण बदलणार? हे बघा." त्याने भोकांच्या कडेवरून अंगठा फिरवला. "नट जिथे आवळतात तिथे रंग जसाच्या तसा. एकदा जरी लागलं असतं तरी इथे खरवडलं असतं. थरावर थर आहेत रंगाचे. ज्याने रंगवलं त्याने मन लावून रंगवलंय, आणि लावलं कधीच नाही."

रंग बाबाच द्यायचे. दर दोन वर्षांनी, सुट्टीच्या दिवशी, सकाळी सगळे उठायच्या आधी. आपण खाली उतरायचो तेव्हा खोळ परत चढवलेली असायची, हे तिला आठवलं. मग तिला रस्त्यावरची ती दुपारही आठवली.

ती तेव्हा बारा वर्षांची होती. डोंगरातला रस्ता, मागचं डावं चाक बसलेलं. बाबांनी जॅक लावला, चाक उतरवलं आणि ते उभं करून हाताने ढकलत चालायला लागले. खालचं गाव सात किलोमीटरवर होतं.

"अहो, स्टेपनी आहे ना?" आईने विचारलं होतं.

"ती अडीअडचणीला असते."

"मग ही काय आहे?"

"ही नुसती पंक्चर आहे," बाबा म्हणाले, आणि वळणापलीकडे गेले.

चार तास लागले त्यांना. चाक घेऊन ते दुधाच्या गाडीतून परतले, तेव्हा तळहातांची सालटी निघाली होती. तेव्हापासून घरात वापरायच्या नाहीत म्हणून जपलेल्या सगळ्या वस्तूंना स्टेपनी म्हणायची पद्धत पडली. कपाटातले कोरे टॉवेल स्टेपनी. पाहुण्यांचे कप स्टेपनी. बाबाही त्या हसण्यात सामील व्हायचे. जरा जास्तच मोठ्याने हसायचे.

आता ती ज्या गल्ल्या हिंडली, त्याच कधी तरी तेही हिंडले असणार. गाडी लिलावात चार चाकांवरच आली असणार. पाचवं कुठे मिळालं नाही, आणि दारात बाई विचारत उभी, की स्टेपनी आहे ना.

"पाचवं नव्याने करता येईल?" तिने विचारलं.

"येईल. पण थाळी कुठून आणू? जाड पत्रा कापायचा, त्याला खोलगट आकार द्यायचा. तसं दाबयंत्र माझ्याकडे नाही, दुसऱ्याकडून करून आणावं लागेल. पासिंगच्या आधी होणार नाही. आणि या चारांना मिळून जो खर्च, तेवढा ते एकटं खाईल." त्याने हिरव्या चाकाला पायाने हलकेच ढकललं. "नाहीतर खोळ घाला परत. पासिंगला चार चाकं बघतात. इतकी वर्षं कुणाला कळलं का?"

ती खोळीची घडी घालत राहिली. तळाशी शिवण उसवली होती. तिथून बोट आत जात होतं.

"चारच करा," ती म्हणाली.

आईच्या घरी निम्मं सामान खोक्यांत भरून झालं होतं. ज्या खोक्यावर 'काचेचं' लिहिलं होतं त्यावर आई पाय ठेवून बसली होती. लेकीच्या हातातली खोळ तिने दारातूनच ओळखली.

"आण इकडे. फाटली का?"

"तळाला. मी नवी घेते, प्लॅस्टिकची मिळते."

"प्लॅस्टिकची तू तुझ्या स्कूटरला घाल." आईने खोळ मांडीवर उलटी पसरली आणि शिवणकामाचा डबा मागितला. लेकीने तो एका खोक्याच्या तळातून शोधून दिला, मग पाणी प्यायली, खिडकी उघडली, पुन्हा लावली.

"झाली का चाकं?"

"दहा दिवसांत देतो म्हणाला. माणूस चांगला आहे. माझ्या नकाशावर चहा ठेवला त्याने."

"किती टाकलीस करायला?"

"चार."

"आणि पाचवं?"

"पाचवं चांगलं आहे. त्याला अजिबात गंज नाही." यात खोटं काही नव्हतं. तरी ते बोलताना ती भांड्यांच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला वळली.

आईने खोळीच्या आत हात घातला आणि उसवलेल्या जागेवर ठिगळाचं माप घेतलं. कात्रीने कापड कापलं. डब्यातून सुई निवडली.

"पाच कर," ती म्हणाली. "आणि या वेळी पाचवं बसणारं कर."

चिकटपट्टीचं टोक लेकीच्या बोटाला तसंच चिकटून राहिलं.

"तुला माहीत होतं?"

"खोळ कुणी शिवली? माप घ्यायला चाक आधी मीच पाहिलं. सहा भोकं मोजता येण्याइतकी शाळा मीही शिकलेय."

तिला ती डोंगरातली दुपार परत आठवली. बाबा वळणापलीकडे गेल्यावर, आपण तरी स्टेपनी काढून ठेवू, म्हणून तिने नाडीला हात घातला होता. तेव्हा आईने तो हात बाजूला केला होता आणि नाडीला आणखी एक गाठ मारली होती. मग दगडावर बसून चार तास रस्त्याकडे बघत राहिली होती.

"मग बाबांना बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? एवढे हौसेने रंग देत होते."

"पण मग दर वेळी विचारायचीस कशाला? स्टेपनी आहे ना, स्टेपनी आहे ना."

आईने दोरा जिभेवर ओला केला, सुईशी नेला. नेम चुकला. पुन्हा नेला.

"विचारलं की ते सावकाश चालवायचे," ती म्हणाली.

खालच्या रस्त्यावरून कुणी तरी हातगाडी ओढत नेत होतं. तिचं एक चाक करकरत होतं आणि तो आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. आईने सुई आणि दोरा लेकीपुढे धरला.

"एवढं ओवून दे. आणि त्या माणसाला फोन कर, दुकान बंद करायच्या आत. पासिंग चारांवर होऊ दे. मी पाचव्यासाठी थांबते."

"अगं, मी हळू चालवीन."

"तू नाही ऐकणार," आई म्हणाली, आणि ठिगळ शिवणीवर धरून ते सरळ बसतंय का, ते बघू लागली.